सर्व्हर रूमची गॅस अग्निशमन यंत्रणा आणि तिची वार्षिक देखभाल : बेळगावच्या एका पतसंस्थेचा अनुभव

आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हर रूममध्ये तीन वर्षांपूर्वी एफएम-२०० गॅसची अग्निशमन यंत्रणा बसवली आणि बसवणाऱ्या एजन्सीशीच देखभालीचा वार्षिक करार केला. एजन्सीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे सांगणार आहे त्या चुकीत निम्मा वाटा आमचा आहे.

बसवण्याचे काम चोख झाले, हे आधी मान्य केले पाहिजे. दुसऱ्या एका विक्रेत्याने कार्बन डायऑक्साइडची स्वस्त यंत्रणा सुचवली होती. पण माणसांची ये-जा असलेल्या खोलीत तो गॅस नकोच, असे या एजन्सीच्या अभियंत्याने स्पष्ट सांगितले. आग विझवण्यासाठी तो हवेत किमान ३४ टक्के भरावा लागतो आणि १० टक्क्यांच्या पुढे गेला की काही मिनिटांतच माणसाची शुद्ध हरपते. एफएम-२०० सुमारे ८ टक्के पुरतो आणि ९ टक्क्यांपर्यंत माणसाच्या हृदयावर त्याचा परिणाम आढळलेला नाही. आमची खोली १२ बाय १५ फुटांची व १० फूट उंचीची असल्याने हिशेबाने ३२ किलो गॅस भरला गेला. वेगवेगळ्या सर्किटवरील दोन डिटेक्टरांना धूर लागल्याशिवाय तो सुटत नाही, त्यानंतरही ३० सेकंद हूटर वाजतो आणि तेवढ्यात दाराजवळचे ॲबॉर्ट बटण दाबून धरून गॅस सुटणे थोपवता येते.

देखभालीला येणारा तंत्रज्ञ कशालाही हात लावण्यापूर्वी यंत्रणेची चावी ‘मॅन्युअल’वर फिरवतो, म्हणजे गॅस आपोआप सुटत नाही, आणि सिलिंडरवरची सोलेनॉइड (विजेच्या इशाऱ्याने गॅस सोडणारी कळ) काढून बाजूला ठेवतो. हा सोपस्कार नव्हे. मार्च २०१६ मध्ये बँकॉकमधील एका बँकेच्या मुख्यालयात अग्निशमन यंत्रणेचेच काम चालू असताना ती सुटली आणि ८ माणसे दगावली. आग लागलेलीच नव्हती.

तक्रार यापुढची आहे. गेल्या वर्षी कर्जाच्या फायलींना जागा हवी म्हणून आम्ही त्याच खोलीत छतापर्यंत प्लायवुडची भिंत घातली आणि सर्व्हरकडे १२ बाय १० फूट एवढीच जागा उरली. एजन्सीला कळवण्याचे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानातही आले नाही. त्यानंतर तंत्रज्ञ दोनदा आला, दाबाचा काटा पाहिला, सिलिंडरचे वजन केले, बॅटऱ्या तपासल्या, अहवालावर सही घेऊन गेला. नोझल तेच, गॅस तोच ३२ किलो, पण जागा एक तृतीयांशाने कमी. म्हणजे गॅस सुटला असता तर त्याचे प्रमाण ११ टक्क्यांच्या पुढे गेले असते. साडेदहा टक्क्यांपासून हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका धरला जातो, आणि घाबरलेल्या माणसाच्या रक्तात ॲड्रेनलिन वाढलेले असल्याने तो आणखी बळावतो. एवढ्या प्रमाणात राहण्याची मुभा प्रमाणकांनुसार मिनिटभराचीही नाही. सिलिंडर तोलणाऱ्याने खिशातली टेप काढून खोलीही मोजली असती, तर पाच मिनिटांत हे उघड झाले असते. देखभालीच्या तपासणी पत्रकात खोलीच्या मापाचा रकानाच नाही, हे मी नंतर पाहिले. हा दोष त्या मुलाचा नाही, पत्रक छापणाऱ्यांचा आहे.

दुसरी गोष्ट फलकाची. ‘गॅस सुटला आहे, आत जाऊ नये’ हा दारावरचा दिवा-फलक फक्त इंग्रजीत होता. सकाळी खोली झाडणाऱ्या मावशींना मराठी वाचता येते, रात्रीच्या पहारेकऱ्याला कन्नड. इंग्रजी दोघांनाही नाही. आगीच्या ज्वाळेत या गॅसपासून हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू तयार होतो, त्यामुळे हूटर थांबल्यावर ‘झाले वाटते’ म्हणून दार उघडणाराच आधी सापडतो. तिन्ही भाषांतला फलक शेवटी आम्ही खडेबाजारातून रंगवून आणला. सीमाभागात काम करणाऱ्या एजन्सीला हे सुचायला हवे होते.

फोन केल्यावर मात्र अभियंता दुसऱ्याच दिवशी स्वतः आला, मापे घेतली आणि चूक न नाकारता कमी भरणाच्या सिलिंडरचे दरपत्रक दिले. त्याचे पैसे निम्मे-निम्मे वाटून घ्यावेत, एवढाच आमचा आग्रह आहे आणि त्यावर अजून उत्तर आलेले नाही. सिलिंडर बदलेपर्यंत चावी ‘मॅन्युअल’वर आहे आणि दोघांपेक्षा अधिक माणसांना एका वेळी आत सोडत नाही. बसवणीला पाचपैकी चार तारे, देखभालीला दोन.