विज्ञान मासिकाची वर्गणी पुन्हा भरावी का? वर्षभर वाचल्यानंतर

वर्गणी संपत आल्याचे मेसेज सुरू झालेत. तीन वर्षांचे पैसे एकदम भरा, घसघशीत सवलत घ्या, वर एक सॅक मोफत. ओळखीतले दोघं-तिघं याच मासिकाबद्दल विचारतायत, म्हणून सविस्तर लिहितो. इंग्रजी मासिक आहे, गुळगुळीत कागदाचं, स्टॉलवर तुम्ही पाहिलेलं असणार. तक्रारी बऱ्याच आहेत, म्हणून नाव देत नाही.

अंक घरी पोचण्याचा विषय आधी संपवतो. दिवाळीच्या सुमाराचा अंक आलाच नाही. कस्टमर केअरनं एक तक्रार क्रमांक दिला, तो बंद करून दुसरा दिला. शेवटी थेट संपादकीय विभागाला ईमेल केला तेव्हा अंक आला आणि मुदतही एक महिना वाढवून मिळाली. ही मुदतवाढ मागून घ्या, आपणहून कोणी देत नाही.

माझं खरं दुखणं आहे फोटोओळी. आमचे आप्पा दुपारी अंक घेऊन बसतात. मजकूर सावकाश वाचतात, चित्रं मात्र भिंगाखाली धरून बघतात. जेम्स वेब दुर्बिणीनं टिपलेला तेजोमेघ पानभर छापला होता. आप्पांनी विचारलं, "तिथं गेलं तर हे असंच तांबूस दिसेल का रे?" याचं उत्तर फोटोओळीत हवं. तिथं नुसती विशेषणं होती.

वेब मुख्यतः अवरक्त किरण टिपते आणि ते डोळ्यांना दिसतच नाहीत. लांब लहरींना लाल, आखूड लहरींना निळा, असे रंग नंतर दिले जातात. यात फसवणूक काही नाही, उलट त्यामुळे चित्र वाचता येतं. पण ते सांगायला नको का? २०१९ मध्ये एम-८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं चित्र आलं, ते १.३ मिलिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींवरून तयार केलेलं. केशरी रंग माणसांनी निवडला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली प्रतिमा मुळात काळी-पांढरी असते, अंकात मात्र जिवाणू जांभळे. करोनाकाळात घरोघरी पोचलेला लाल काट्यांचा करडा गोळा तर अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेतल्या चित्रकारांनी काढलेलं चित्र होतं, पण या अंकात तो फोटो असल्यासारखा छापलाय. फोटो की चित्र, रंग कोणी दिले, मोजमाप काय, हे एका ओळीचं काम आहे. 'हे कशावरून' ते सांगायला निघालेल्या मासिकानं नेमकी तीच ओळ गाळावी, याचा मला मनापासून राग येतो.

तेव्हा वर्गणी बंद करायचं जवळपास ठरलं होतं. मग पल्सारवरचा, म्हणजे स्वतःभोवती फिरत रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या मृत ताऱ्यांवरचा लेख आला.

आम्ही नारायणगावजवळचे. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना येता-जाता दिसतात. एकूण ३०, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. जवळ गेलं की कळतं, ती ताटली भरीव नाही. तारांवर ताणलेली बारीक जाळी आहे, आरपार आकाश दिसतं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथं प्रदर्शन भरतं, शाळाच्या शाळा लोटतात. पण या अँटेना काय मोजतात, हे इतकं नीट मी कुठंच वाचलं नव्हतं.

लेख जून २०२३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांवर होता. काही पल्सार सेकंदाला शेकडो वेळा स्वतःभोवती फिरतात आणि त्यांचे स्पंद अतिशय नेमाने येतात. वाटेतून गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणत-आकसत जाणारी लहर गेली, तर स्पंद पोचायची वेळ सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही कमी सरकते. युरोपीय आणि भारतीय-जपानी गटांनी २५ पल्सारच्या २५ वर्षांच्या नोंदी मिळून तपासल्या. सहा मोठ्या दुर्बिणींच्या नोंदी, त्यातली एक खोडदची. सोबतच्या आलेखात प्रत्येक बिंदूला त्रुटीची उभी रेघ होती. खालच्या चार ओळींत ती रेघ म्हणजे काय ते होतं, आणि भौतिकशास्त्रात शोध म्हणायला लागतो तो पाच सिग्मांचा दंडक (निव्वळ योगायोगानं तसं दिसण्याची शक्यता अगदी नगण्य असणं) गुरुत्वीय लहरींचा हा पुरावा अजून गाठत नाही, हेही होतं. आप्पा म्हणाले, "खात्री नाही ते स्वतःच सांगतायत. मग ऐकायला हरकत नाही."

असा लेख प्रत्येक अंकात नसतो. पुढच्याच अंकात पुन्हा जांभळे जिवाणू आले. मी पत्र लिहिलं, त्यांनी ते काटछाट करून छापलं. त्यानंतर काही चित्रांखाली 'कृत्रिम रंग' असं यायला लागलंय. सगळ्या नाही, पण काही.

म्हणून एकाच वर्षाची वर्गणी भरतोय. सॅकसाठी तीन वर्षांचे पैसे अडकवायची माझी तयारी नाही. तुम्ही नव्यानं घेणार असाल तर वाचनालयात जुना अंक उघडा आणि आधी नुसत्या फोटोओळी वाचा. इतर लेखांचा दर्जा तिथंच कळतो. पैसे घालायचेच नसतील तर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीचं, १९९६ पासूनचं 'रेझोनन्स' संकेतस्थळावर मोफत आहे. पातळी मात्र कॉलेजची. सीएसआयआरचं 'सायन्स रिपोर्टर' १९६४ पासून निघतंय, शाळकरी मुलांना त्यातलं बरंच झेपतं. मराठीतून हवं असेल तर मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका आहे. आप्पांसाठी तीही लावतोय.