विस्मरणातले अमेरिकन गुन्हेपट : पहिली डिस्क कोणती घ्यावी?

कपोला झाला, स्कॉर्सेसी झाला, हिचकॉकची पारायणं झाली. आता अमेरिकन गुन्हेपटांत यापलीकडे काय, असा प्रश्न पडलेल्यांसाठी हा लेख आहे. यापलीकडे भरपूर आहे. अडचण अशी की त्यातलं बरंचसं स्ट्रीमिंगवर आज असतं आणि उद्या नसतं, आणि असलं तरी कुठल्या कळकट प्रतीवरून दाखवताहेत याचा पत्ता नसतो. हे सिनेमे पुन्हा लोकांसमोर आले ते मुख्यतः गेल्या पंधरा-वीस वर्षांत निघालेल्या डीव्हीडी आणि ब्ल्यू-रेमुळे. पण डिस्क स्वस्त नसते. बाहेरून मागवायची तर टपालखर्च आणि कस्टम वेगळं. एक-दोनच घ्यायच्या असतील तर कोणत्या, एवढाच हिशेब इथे मांडतो.

आधी घरचा प्लेअर बघा, कारण पुष्कळदा निवड तिथेच ठरते. ब्ल्यू-रेसाठी जगाचे तीन विभाग पाडलेत : अमेरिका ए, ब्रिटन बी, भारत सी. डीव्हीडीत अमेरिका १, ब्रिटन २ आणि आपण ५. म्हणजे न्यू जर्सीहून भाचीने हौसेने आणलेली डिस्क पुण्यातल्या प्लेअरवर चालेलच असं नाही. काही डिस्कना हे कुलूप नसतं, पण जुने सिनेमे निगुतीने काढणाऱ्या क्रायटेरियन कंपनीच्या अमेरिकन ब्ल्यू-रे बहुतेक ए विभागापुरत्याच असतात. ४के (म्हणजे ब्ल्यू-रेहून स्पष्ट चित्राच्या) डिस्कना विभागाचं बंधन नाही, तेवढाच दिलासा. एकदा मल्टी-रिजन प्लेअर घेतला की ही कटकट मिटते आणि दोन-तीन डिस्कचे पैसे त्यात गेले तरी ते वाया जात नाहीत.

आता सिनेमे. पहिली जोडी १९४९-५० सालची, कृष्णधवल, म्हणजे ज्या काळोख्या, कडवट गुन्हेपटांना फिल्म न्वार म्हणतात त्या घराण्यातली : बायरन हॅस्किनचा ‘टू लेट फॉर टिअर्स’ (१९४९) आणि नॉर्मन फॉस्टरचा ‘वुमन ऑन द रन’ (१९५०). दोन्ही एकाच वर्षी, २०१६ साली, फ्लिकर ॲली या छोट्या कंपनीने ब्ल्यू-रे आणि डीव्हीडी अशा जोडसंचात काढले. दोन्हींचं जतन यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या चित्रपट संग्रहालयाने फिल्म न्वार फाउंडेशनच्या साथीने केलं. दोन्ही सिनेमे वरवर गुन्ह्याचे आणि आतून लग्नाचे आहेत.

‘टू लेट फॉर टिअर्स’मध्ये नवरा-बायको उघड्या गाडीतून रात्री चाललेले असतात आणि समोरून येणाऱ्या गाडीतला कोणीतरी त्यांच्या मागच्या सीटवर बॅग भिरकावून निघून जातो. बॅगेत साठ हजार डॉलर. नवरा म्हणतो पोलिसांत देऊ, बायको म्हणते ठेवून घेऊ. लिझबेथ स्कॉटची ही बायको पैशासाठी कुठवर जाते ते पाहताना माझं लक्ष मात्र डॅन ड्युरीएकडे जातं. तो बॅगेचा हक्क सांगत दारात येतो तेव्हा मुस्कटात मारणारा दांडगट असतो. तोच पुढे तिच्यासमोर बसून घटाघटा दारू पितो, कारण आता त्याला तिची भीती वाटायला लागलेली असते. गुंडाला घाबरवणारी गृहिणी त्या काळच्या पडद्यावर फारशी दिसत नाही.

‘वुमन ऑन द रन’ याच्या उलट्या दिशेने जातो. सॅन फ्रान्सिस्कोतला एक अपयशी चित्रकार रात्री कुत्र्याला फिरवायला निघतो (कुत्र्याचं नाव रेम्ब्रांट), डोळ्यांदेखत खून होताना पाहतो, आणि पोलीस साक्षीदार करतील म्हणून पसार होतो. त्याची बायको, ॲन शेरिडन, पोलिसांना चुकवत त्याला शोधायला लागते, सोबत बातमीच्या मागे लागलेला पत्रकार. नवऱ्याबद्दल तिला सुरुवातीला धड काही सांगताच येत नाही. मग त्याच्या ओळखीपाळखीचे भेटत जातात आणि एका घरात राहूनही न कळलेला माणूस तिला कळू लागतो. शेरिडनच्या तोंडचे तिरकस टोले ऐकण्यासारखे आहेत. सिनेमा जेमतेम सव्वा तासाचा आणि शहर खरं : चढउताराचे रस्ते, जिने, गोदीचा परिसर. शेवट मनोरंजन पार्कातल्या रोलर कोस्टरवर होतो, त्याबद्दल इथे आणखी काही सांगत नाही.

डिस्क म्हणून या दोन्हींत फरक काय? ‘टू लेट फॉर टिअर्स’चं मूळ साहित्य धड उरलंच नव्हतं, फ्रान्समधून मिळालेल्या निगेटिव्हसकट वेगवेगळ्या प्रती जोडून तो उभा केला आहे, आणि ते जोडकाम अधूनमधून जाणवतं. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात २८ वर्षांनी कॉपीराइटचं नूतनीकरण करावं लागे. ते राहून गेलं की सिनेमा बेवारस. याचं तेच झालं, म्हणून त्याच्या फुकट प्रती इंटरनेटवर पडलेल्या असतात आणि त्या पाहणं म्हणजे धुरकट काचेतून दुसऱ्याच्या घरात डोकावणं. ‘वुमन ऑन द रन’ची कथा याहून वाईट वळणावर होती. अमेरिकेतली चांगली ३५ एमएम प्रिंट युनिव्हर्सल स्टुडिओच्या २००८ सालच्या आगीत जळाली. एडी म्युलर, न्वार फाउंडेशनचे संस्थापक, यांनी तीच प्रिंट २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या महोत्सवात दाखवली होती. पुढे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे साहित्य सापडलं आणि त्यावरून नवी प्रत तयार झाली. डिस्कवरची कॉमेंट्री, म्हणजे सिनेमा चालू असताना ऐकता येणारं जाणकाराचं निवेदन, हीही म्युलर यांचीच आहे, आणि हरवलेल्या गोष्टीच्या मागे वर्षानुवर्षं लागलेल्या माणसाची ती कॉमेंट्री आहे हे ऐकताना कळतं.

दोन्हींतली एकच घ्यायची तर मी ‘वुमन ऑन द रन’ म्हणेन. ‘टू लेट फॉर टिअर्स’ जास्त कडू आहे, कदाचित जास्त नावाजलेलाही, पण मधल्या भागात बायकोवर संशय घेणाऱ्या पाहुण्याचं प्रकरण लांबतं. ‘वुमन’मध्ये एकही मिनिट फुकट जात नाही.

दुसरी जोडी सुपारी घेणाऱ्यांची. अर्विंग लर्नरचा ‘मर्डर बाय कॉन्ट्रॅक्ट’ (१९५८) जेमतेम आठवड्याभरात चित्रित झालेला, पार्श्वसंगीताला मुख्यतः एक गिटार. व्हिन्स एडवर्ड्सचा क्लॉड घर घ्यायचं म्हणून खून करतो. नोकरदाराने पगार साठवावा तसा सुपाऱ्यांचा हिशेब ठेवतो. लॉस एंजेलिसला एका साक्षीदाराला मारायला जातो आणि पहिले काही दिवस नुसता समुद्र बघत, गोल्फ खेळत काढतो, इकडे त्याच्यावर नजर ठेवणारी दोन माणसं घामाघूम. सावज बाई आहे हे कळल्यावर हा गडी जास्त पैसे मागतो. सिनेमा चक्क विनोदी आहे, आणि तो विनोद पाठीला थंडी भरवतो. ॲलन बॅरनचा ‘ब्लास्ट ऑफ सायलेन्स’ (१९६१) दिग्दर्शकानेच नायक होऊन केला : क्लीव्हलंडचा फ्रँकी बोनो नाताळात न्यूयॉर्कला सुपारी घेऊन येतो. निवेदन सगळं ‘तू’ म्हणून, जणू कोणीतरी फ्रँकीच्या कानाशी बसून त्याचीच घृणा त्याला ऐकवतंय. हे निवेदन वॉल्डो सॉल्टने लिहिलं आणि लायनेल स्टँडरने म्हटलं. दोघेही तेव्हा कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलीवुडच्या काळ्या यादीत, त्यामुळे श्रेयनामावलीत एकाचं टोपणनाव आणि दुसऱ्याचं नावच नाही.

बॅरनचा सिनेमा मला जास्त आवडतो, पण पैसे वसूल व्हायचे तर लर्नरच्या बाजूने कौल पडतो, कारण तो एकटा येत नाही. २००९ च्या कोलंबिया स्टुडिओच्या पाच सिनेमांच्या डीव्हीडी संचात त्याच्यासोबत फ्रिट्झ लँगचा ‘द बिग हीट’ आणि डॉन सीगलचा ‘द लाइनअप’ आहे. ‘द लाइनअप’वर म्युलर आणि कादंबरीकार जेम्स एलरॉय यांची कॉमेंट्री आहे, एलरॉय इतका वाह्यात बोलतो की घरात मोठी माणसं असतील तर हेडफोन लावा. ब्रिटनच्या इंडिकेटर कंपनीनेही ‘मर्डर बाय कॉन्ट्रॅक्ट’ २०२१ च्या कोलंबिया न्वार संचात ब्ल्यू-रेवर आणला. ‘ब्लास्ट ऑफ सायलेन्स’ क्रायटेरियनकडे आहे, २००८ पासून डीव्हीडीवर आणि २०२३ पासून ब्ल्यू-रेवर. त्यावरच्या माहितीपटात बॅरन चित्रीकरणाच्या जुन्या जागा स्वतः दाखवतो. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या किंवा राहून आलेल्या मंडळींनी हीच घ्यावी, दुसरा विचार करू नये.

मग १९७३. एकाच वर्षी अमेरिकेत दरोड्यांचे तीन सिनेमे आले आणि तिन्ही मागे पडले. डॉन सीगलच्या ‘चार्ली व्हॅरिक’मध्ये विनोदी भूमिकांसाठी ओळखला जाणारा वॉल्टर मॅथाऊ, शेतांवर विमानातून फवारणी करणारा, एक छोटी बँक लुटतो आणि घरी येऊन मोजल्यावर कळतं की रक्कम माफियाची आहे. पोलीस परवडले, अशी वेळ. मॅथाऊला ब्रिटनचं बाफ्टा पारितोषिक मिळालं त्यात या भूमिकेचा वाटा होता. इथे जुनी डिस्क आणि नवी डिस्क हा फरक महत्त्वाचा : अमेरिकेतली पहिली डीव्हीडी जुन्या टीव्हीच्या चौकोनी चौकटीत काढलेली होती. स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. इंडिकेटर किंवा किनो लॉर्बर कंपनीची ब्ल्यू-रे घ्या. पहिल्यांदाच हे दालन उघडणाऱ्याला, किंवा घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहायचं असेल तर, या लेखातला सगळ्यात बिनधोक सिनेमा हाच. कोडं आहे, पाठलाग आहे, शेवटी हसू येतं.

पीटर येट्सचा ‘द फ्रेंड्स ऑफ एडी कॉइल’ तसा अजिबात नाही. रॉबर्ट मिचम यात बोस्टनचा म्हातारपणाकडे झुकलेला, चोरट्या बंदुका पुरवणारा माणूस आहे. डोक्यावर दुसऱ्या राज्यातल्या खटल्याची शिक्षा लटकतेय, घरी बायको-मुलं आहेत, आणि सुटायचा मार्ग एकच : पोलिसांचा खबऱ्या होणं. पण कोणाची खबर किती दिली की पुरे, हे त्याला कोणी सांगत नाही. दरोडे यात आहेत, तरी खरी झटापट चहा-कॉफीच्या टेबलांवर, पार्किंगच्या जागांवर, हलक्या आवाजात चालते. मूळ कादंबरीकार जॉर्ज हिगिन्स स्वतः सरकारी वकील होता. गुन्हेगार कसे बोलतात हे त्याने कोर्टात ऐकलेलं. म्हणून एक सावधगिरी : सबटायटल्सशिवाय हा सिनेमा आपल्याकडच्या बहुतेकांना अर्धाच कळेल. बोस्टनचे उच्चार, अर्धवट तोडलेली वाक्यं, बोलण्यातली गुंडाळागुंडाळ हेच तर त्याचं सगळं आहे. क्रायटेरियनने २००९ मध्ये तो पहिल्यांदा डीव्हीडीवर आणला आणि २०१५ मध्ये ब्ल्यू-रेवर, येट्सच्या कॉमेंट्रीसह. माझ्या मते या यादीतला सर्वांत मोठा सिनेमा हा आहे. तरीही पहिला म्हणून सुचवत नाही; गुन्हेपटाकडून धावपळ हवी असलेला माणूस अर्ध्या तासात उठेल.

तिसरा, जॉन फ्लिनचा ‘द आउटफिट’ : रॉबर्ट ड्युव्हाल भावाच्या खुनाचा बदला संघटित टोळीकडून पैशात वसूल करतो. सरळ, कोरडा, झटपट. रॉबर्ट रायन, जेन ग्रीअर, एलिशा कुक असे जुन्या न्वारचे चेहरे छोट्या-मोठ्या भूमिकांत भेटतात, ती मौज जुने न्वार पाहिलेल्यालाच कळते. वॉर्नर स्टुडिओच्या वॉर्नर आर्काइव्हने २००९ पासून मागणीनुसार एकेक डिस्क रेकॉर्ड करून द्यायला सुरुवात केली. ‘द आउटफिट’ त्याच मार्गाने घरोघर पोचला. अशा डिस्कवर चित्र ठीक असतं, पण बहुधा सबटायटल्स नसतात, पूरक साहित्य नसतं, आणि परदेशी प्लेअर त्यांना कधीकधी ओळखत नाहीत. डिस्क गोळा करण्याची हौस नसेल तर हा कुठे भाड्याने मिळाला तर पाहून घ्या, पुरे.

थोडक्यात, हातात एकाच डिस्कचे पैसे असतील आणि जुन्या कृष्णधवल सिनेमाचा कंटाळा नसेल तर ‘वुमन ऑन द रन’; कंटाळा असेल तर ‘चार्ली व्हॅरिक’. ‘एडी कॉइल’ दुसरी डिस्क म्हणून. संच परवडत असेल तर कोलंबियाचा.

जाता जाता मर्यादित आवृत्त्यांबद्दल. इव्हान पासरचा ‘कटर्स वे’ (१९८१) हाही याच जातकुळीतला : सान्ता बार्बरा, व्हिएतनाममध्ये हातपाय-डोळा गमावलेला चिडखोर कटर, आणि शहरातल्या बड्या धेंडावर त्याचा संशय. ट्वायलाइट टाइमने त्याची ब्ल्यू-रे काढली तेव्हा त्या कंपनीच्या रिवाजाप्रमाणे मोजक्या प्रतीच निघाल्या, आणि २०२० मध्ये कंपनीच बंद झाली. जुन्या डिस्कच्या बाजारात अशा प्रतींना भलतेच भाव सांगतात. देऊ नका. ‘कटर्स वे’ २०२२ मध्ये फन सिटी एडिशन्सने पुन्हा काढला, चांगल्या पूरक साहित्यासह आणि साध्या किमतीला.