बँकॉकमध्ये कशाने फिरावं : रेल्वे, बोट, टॅक्सी की टुकटुक?

बँकॉकमध्ये वाहनांची कमतरता नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला प्रश्न पडतो तो निवडीचा, आणि ही निवड जपून करायला हवी. कारण तिथे पर्यटकाची जी फसवणूक होते, तिची सुरुवात बहुतेक वेळा रस्त्याच्या कडेला, वाहन शोधतानाच होते. म्हणून आमची कसोटी एकच आहे: चढण्याआधी भाडं ठरलेलं आहे का, आणि ते चालकाच्या मर्जीवर तर नाही ना? या कसोटीला रेल्वे, ठरलेल्या दराच्या बोटी आणि ॲपवरची गाडी पहिल्या येतात, मीटर टॅक्सी मधोमध आणि टुकटुक, म्हणजे तिथली तीनचाकी रिक्षा, शेवटी.

तुलनेसाठी एकच प्रवास घेऊ. सुखुमवित भागातल्या असोक चौकातून ग्रँड पॅलेसला, म्हणजे जुन्या राजवाड्याला जायचं आहे. भारतीय पर्यटक याच पट्ट्यात मोठ्या संख्येने उतरतात आणि पॅलेस प्रत्येकाच्या यादीत असतोच. एक बाट (तिथलं चलन) अडीच ते तीन रुपयांच्या मध्ये धरा.

एमआरटी, म्हणजे भुयारी रेल्वे

सुखुमवित स्टेशनवरून निळ्या मार्गाची थेट गाडी मिळते. नववं स्टेशन सनम चाय. वीसेक मिनिटं लागतात आणि तिकीट ४० बाटच्या आत बसतं. २०१९ मध्ये हा टप्पा सुरू झाल्यापासून जुन्या शहरात जाणं फार सोपं झालं आहे. सनम चायला वर आलं की ‘वाट फो’ हे देऊळ अगदी जवळ आहे. पॅलेसचं पर्यटकांसाठीचं दार मात्र उत्तरेच्या बाजूला, ना फ्रा लान रस्त्यावर आहे, म्हणजे भिंतीच्या कडेने आणखी पंधरा-वीस मिनिटं चाल. एप्रिलच्या उन्हात ही चाल ज्येष्ठांना झेपत नाही, हे धरून चला.

तिकिटासाठी यंत्रातून काळं प्लास्टिकचं टोकन घेता येतं, किंवा टॅप करून चालणारं व्हिसा वा मास्टरकार्डचं क्रेडिट कार्ड थेट फाटकावर लावता येतं. रुपे कार्डावर विसंबू नका. भारतीय बँकांची कार्डं परदेशातल्या व्यवहारांसाठी मुळात बंदच असतात. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘कॉन्टॅक्टलेस’ ही दोन्ही बटणं सुरू करा. माणशी एक कार्ड लागतं. आत जाताना जे कार्ड लावलं तेच बाहेर पडताना लावायचं. आत कार्ड आणि बाहेर त्याच कार्डाचा फोन लावला, तर यंत्र त्यांना दोन वेगळी कार्डं समजतं.

बीटीएस आणि नदीतली बोट

१९९९ पासून धावणारी उन्नत रेल्वे ती बीटीएस. ही आणि एमआरटी वेगळ्या कंपन्यांच्या ताब्यात आहेत, त्यामुळे तिकीटही वेगळं. शेजारी शेजारी असलेल्या स्टेशनांची नावंसुद्धा वेगळी आहेत: बीटीएसचं असोक म्हणजे एमआरटीचं सुखुमवित, साला डेंग म्हणजे सिलोम, मो चित म्हणजे चाटुचक पार्क. नकाशात हे लक्षात आलं नाही, तर गाडी कुठे बदलायची तेच सापडत नाही.

असोकहून बीटीएसने सियाम, तिथे ‘बांग वा’ स्टेशनकडे जाणारी गाडी पकडून सफान टाक्सिन, खाली उतरलं की सथोर्न धक्का. धक्क्यावर पाऊल ठेवताच पर्यटक बोटीचं तिकीट पुढे केलं जातं. तीही प्रामाणिक सेवा आहे, निळ्या झेंड्याची, पण नेहमीच्या बोटीपेक्षा महाग. नेहमीची बोट नारिंगी झेंड्याची. तिचं भाडं कुठेही उतरा तरी एकच, बरीच वर्षं १६ बाट. ता चांग धक्क्यावर उतरलात की पॅलेसचं दार चार-पाच मिनिटांवर. असोकहून निघून तासभर आणि माणशी ६० बाटच्या आसपास धरा. एमआरटीपेक्षा वेळ जास्त जातो, पण चालणं वाचतं, वारा लागतो आणि वाटेत ‘वाट अरुण’ हे देऊळही दिसतं.

या बोटीची एक रीत माहीत हवी. मागच्या टोकाला उभा असलेला खलाशी शिट्ट्या वाजवून नावाड्याला धक्क्याचा अंदाज देतो, बोट टेकते आणि काही सेकंदांतच निघते. बोट आणि तरंगता धक्का दोन्ही हलत असतात. उतरायचं असेल तर आधीच्या धक्क्यापासून मागे येऊन उभे राहा, लहान मुलाचा हात धरा, दुसरा हात मोकळा ठेवा. संध्याकाळी सातच्या सुमारास या बोटी आटोपतात, तेव्हा परतीचा बेत त्याप्रमाणे आखा.

सेन सेप कालव्यातल्या बोटी सर्वांत स्वस्त आणि वाहतूककोंडीतही जलद, पण त्या धडधाकट माणसासाठी. कठड्यावर पाय टाकून, दोरी धरून आत उतरावं लागतं. पाणी घाण आहे. शिंतोडे उडू लागले की कडेला बसलेल्याने दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर घ्यायचा असतो. साडी, लहान बाळ किंवा दुखरे गुडघे असतील तर हा पर्याय सोडून द्या.

टॅक्सी आणि ॲप

चार जणांचं कुटुंब असेल तर पैशाचा हिशेब बदलतो. एमआरटीची चार तिकिटं आणि मीटर टॅक्सीचं भाडं जवळपास सारखंच येतं. मग फरक उरतो वेळेचा. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते साडेसात असोकच्या चौकात गाडी एकाच सिग्नलला दहा-दहा मिनिटं उभी राहते, मीटर चालू असतो. या वेळांत रेल्वेच घ्या, भले दादरसारखी गर्दी असो.

मीटर छोट्या टॅक्सीला ३५ बाटपासून सुरू होतो. हॉटेलच्या किंवा देवळाच्या दारात उभ्या असलेल्या टॅक्सीवाल्याला मीटरची सवय मोडलेली असते. तो थेट ३०० सांगतो. थोडं पुढे जाऊन चालती टॅक्सी थांबवा, दार उघडून आधी ‘मीटर?’ विचारा, नकार आला तर दार लावून पुढची बघा. वाद घालू नका, मागे दुसरी येतच असते.

ग्रॅब आणि बोल्ट ही गाडी बोलावायची ॲप भारतातूनच घालून घ्या, कारण नोंदणीचा ओटीपी तुमच्या भारतीय नंबरवर येतो आणि तिथे बहुतेक जण स्थानिक सिम टाकतात. गाडी निवडताना रक्कम ठरलेली आहे की मीटरप्रमाणे, ते बघा. ॲपवरून मीटर टॅक्सीही येते. पैसे रोख देता येतात. द्रुतगती मार्गाचा टोल बहुधा वेगळा द्यावा लागतो, त्यात लबाडी नाही. नंबरप्लेटवरची अक्षरं थाई लिपीत असतात, म्हणून आकडे जुळवा आणि मगच बसा. रात्री दहानंतर, विशेषतः एकट्या बाईने, हाच मार्ग धरावा: प्रवास नोंदलेला राहतो आणि त्याची लिंक घरी पाठवता येते.

टुकटुक, आणि ‘आज पॅलेस बंद आहे’

टुकटुकला मीटर नाही. त्याच अंतराला ते अनेकदा टॅक्सीपेक्षा महाग पडतं, धूर खावा लागतो आणि बॅग रस्त्याच्या बाजूला उघडी राहते. हौस म्हणून एक छोटी फेरी जरूर करा: भाव चढण्याआधी ठरवा, तो माणशी की सगळ्यांचा ते विचारा, नेमकी नोट हातात ठेवा, पिशवीचा पट्टा गळ्यात अडकवा.

धोका स्वस्त टुकटुकचा आहे. पॅलेसच्या भिंतीलगत नीटनेटक्या कपड्यांतला, छान इंग्रजी बोलणारा माणूस भेटतो. सांगतो, आज बौद्ध सण आहे, पॅलेस दुपारी उघडेल, तोवर २० बाटमध्ये चार देवळं बघून या. टुकटुक शेजारीच उभं असतं. एका देवळात दुसरा ‘पर्यटक’ भेटतो आणि सरकारी सवलतीत मिळणाऱ्या रत्नांची गोष्ट सांगतो. शेवटी गाडी थांबते ती जवाहिऱ्याच्या किंवा शिंप्याच्या दुकानात. चालकाला तिथून दलाली मिळते, म्हणून भाडं २० बाट. ‘मायदेशी दुप्पट भावाने विकाल’ असं सांगून दिलेले दगड हलक्या प्रतीचे निघतात. उपाय साधा आहे. पॅलेस सकाळी साडेआठला उघडतो, तिकीट दुपारी साडेतीनपर्यंत मिळतं. बाहेर कोणी काहीही सांगो, दारापर्यंत चालत जा आणि तिथे विचारा. ‘तुमची चड्डी चालणार नाही’ हे वाक्य मात्र खरं असू शकतं. खांदे आणि गुडघे झाकलेलेच हवेत, तेव्हा घरूनच लांब पँट आणि बाह्यांचा शर्ट घालून निघा.

दुचाकी

नारिंगी जाकिटातले मोटारसायकलवाले गल्लीच्या तोंडाशी उभे असतात, आणि स्टेशनपासून लांब गल्लीतल्या हॉटेलपर्यंत ते फार उपयोगी पडतात. हेल्मेट मागून घ्या. स्कूटर भाड्याने घ्यायची असेल तर दुचाकीची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्या. तो नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते. मूळ पासपोर्ट अनामत म्हणून कोणाकडेही ठेवू नका. मुळात बँकॉक शहरात स्कूटर घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

विमानतळावरून

सुवर्णभूमी विमानतळाहून हलक्या सामानाचे एक-दोन जण असाल तर एअरपोर्ट रेल लिंक: फाया थायपर्यंत अर्धा तास, ४५ बाट, पुढे बीटीएस. असोकला जाणाऱ्यांनी मक्कासानला उतरून जोडपुलाने एमआरटीचं फेचबुरी स्टेशन गाठावं. मोठ्या बॅगा आणि ज्येष्ठ मंडळी असतील तर टॅक्सी. आगमन कक्षात ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणणाऱ्यांना ओलांडून तळमजल्यावर जा. यंत्रातून निघणाऱ्या चिठ्ठीवर तुमची टॅक्सी उभी असलेल्या जागेचा क्रमांक असतो. मीटरवर ५० बाट विमानतळ आकार आणि टोल द्यायचा. चिठ्ठी चालकाला देऊन टाकू नका. गाडीत फोन राहिला किंवा भांडण झालं तर टॅक्सी शोधायला तीच कामी येते. तक्रारीसाठी पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५, तिथे इंग्रजीत बोलता येतं. रुग्णवाहिकेसाठी १६६९.

परतीच्या तिकिटावर बीकेके लिहिलंय की डीएमके, ते आदल्या रात्री बघून ठेवा. बीकेके म्हणजे सुवर्णभूमी, शहराच्या पूर्वेला. डीएमके म्हणजे डॉन मुआंग, उत्तरेला. चुकीच्या विमानतळावर पोचलात तर संध्याकाळच्या वाहतुकीत दुसरीकडे वेळेत पोचवणारं कुठलंच वाहन नाही.