फॉन्टटूल्स बरेच महिने वापरल्यावर कसं वाटतंय

आमचं ॲप फॉन्ट मॅनेजर टाईपचं आहे, फोल्डर दिलं की आतल्या सगळ्या फॉन्टची फॅमिली, वेट (जाडी), कुठली लिपी चालते ते दाखवायचं. ॲप पायथनमध्येच होतं म्हणून फॉन्टटूल्स (फॉन्ट फाईल वाचायची पायथन लायब्ररी) घेतलं. फाईल वाचण्यात ते कुठेही कमी पडलं नाही, पण फॉन्ट स्वतःबद्दल जे सांगतो त्यातलं किती खरं धरायचं हे मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं.

फाईलच्या नावावर तर जाऊच नका, फॉन्टच्या आतलं नेम टेबल (नावांचा तक्ता, प्रत्येक प्रकारच्या नावाला एक आयडी) बघा. आयडी १ म्हणजे फॅमिली, २ म्हणजे स्टाईल, पण या जुन्या पद्धतीत एका फॅमिलीत रेग्युलर, इटॅलिक, बोल्ड, बोल्ड इटॅलिक एवढेच चार बसतात, त्यामुळे लाईट, सेमीबोल्ड वगैरेंची खरी फॅमिली १६ मध्ये आणि स्टाईल १७ मध्ये असते. नुसतं १ वाचलंत की एकाच फॅमिलीचे यादीत पाच तुकडे. आधी १६ बघायचं, नसेल तर १, बस.

देवनागरीचं प्रकरण वेगळंच आहे. फॉन्टमधल्याच ओएस/२ नावाच्या टेबलमध्ये लिपीचे बिट (हो-नाहीच्या खुणा) असतात, देवनागरीचा १५ नंबरचा, पण तो बिट फॉन्ट बनवणाऱ्याने लावलेला असतो, आत अक्षरं असतीलच असं नाही! आम्ही सरळ सीमॅप (कुठल्या अक्षराच्या कोडला कुठला आकार, याचा तक्ता) तपासतो. त्यातही यू+०९७२ म्हणजे ॲ आहे का ते आधी, कारण तो युनिकोडमध्ये २००८ ला आला आणि जुन्या फॉन्टमध्ये बाकी सगळं असून हाच नसतो, मग ‘ॲप’ लिहिलं की चौकोन. जुने नॉन-युनिकोड मराठी फॉन्ट तर इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले, सीमॅपच्या हिशोबाने ते पक्के इंग्रजी फॉन्ट. सिम्बॉल टाईपच्या फॉन्टला (ज्यात युनिकोडचा सीमॅपच नसतो) गेटबेस्टसीमॅप हे फॉन्टटूल्सचं फंक्शन सरळ नन (म्हणजे काहीच नाही) देतं, तेवढा चेक टाकाच.

टीटीसी फाईलमध्ये अनेक फॉन्ट असतात, उघडताना फॉन्टनंबर (त्यातला कितवा हवा ते) दिला नाही तर एरर येतो. वॉफ२ (वेबसाठीचा कॉम्प्रेस केलेला फॉन्ट फॉरमॅट) ला ब्रॉटली हे कॉम्प्रेशनचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं. शंका आली की फॉन्टटूल्ससोबतच येणाऱ्या टीटीएक्स टूलने फॉन्टचं एक्सएमएल काढून बघायचं, डीबगिंगला यासारखं काही नाही.

स्पीड? मोठं फोल्डर असेल तर फॉन्ट उघडताना लेझी=ट्रू द्या, लागेल तेवढीच टेबलं वाचतं. फक्त मग फाईल उघडीच राहते आणि विंडोजवर युजरने ॲपमधून फॉन्ट डिलीट करायला घेतला की फाईल वापरात आहे म्हणून अडतं, तेव्हा काम झालं की लगेच क्लोज करा.