बुयाँ शार्तिए: पॅरिसमधले साधे, स्वस्त आणि चोख जेवण

फ्रेंच जेवण म्हणजे भल्यामोठ्या पांढऱ्या ताटलीत दोन घास आणि भोवती सॉसची नक्षी, अशी समजूत घेऊन पॅरिसला जाणाऱ्याने पहिले जेवण 'बुयाँ शार्तिए'मध्ये घ्यावे. ग्राँ बुलव्हार मेट्रो स्थानकाजवळ, फोबूर मोंमार्त्र रस्त्यावरच्या एका अंगणाच्या टोकाला हे उपाहारगृह १८९६ पासून चालू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास द्युव्हाल नावाच्या खाटकाने बाजारातल्या कामकऱ्यांना मांस आणि त्याचा रस्सा, म्हणजे फ्रेंचमध्ये 'बुयाँ', स्वस्तात देण्यास सुरुवात केली. त्याच परंपरेतले हे एक ठिकाण.

दालन प्रशस्त आहे. वर काचेचे छत, भिंतींवर आरसे, टेबलांच्या वरच्या बाजूला सामान ठेवण्यासाठी आगगाडीतल्यासारख्या पितळी फळ्या, आणि जुन्या नेहमीच्या गिऱ्हाइकांचे हातरुमाल ठेवण्याचे क्रमांक घातलेले छोटे लाकडी खण अजूनही शाबूत आहेत. १९८९ मध्ये या वास्तूला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला, तरी वातावरण संग्रहालयाचे मुळीच नाही. टेबल आधी राखून ठेवण्याची पद्धत नसल्यामुळे अंगणात रांग लागते आणि गर्दीच्या वेळी अनोळखी माणसांच्या टेबलावर बसावे लागते. आपल्याकडच्या खानावळीत जेवलेल्याला त्याचे काही वाटू नये.

खरी मजा सुरुवातीच्या पदार्थांत आहे. उकडलेल्या अंड्याच्या अर्ध्या फाकांवर मेयोनेज, एवढाच एक पदार्थ. पण त्यातली मोहरीची हलकी झणझण बाटलीतल्या मेयोनेजची सवय असलेल्या जिभेला नवीच वाटते. लीक ही कांद्याच्या कुळातली भाजी मऊ शिजवून, गार करून, मोहरी-व्हिनेगरच्या सॉसबरोबर देतात. बर्गंडी पद्धतीच्या गोगलगायी मागवण्याचे धाडस करावे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. माझ्या मते गोगलगाय हे निमित्त असते, खायचे असते ते लसूण आणि पार्सली घातलेले वितळलेले लोणी, आणि कोंबडी-वड्यांचा उरलेला रस्सा वड्याने पुसून घ्यावा तसे ते पावाने पुसून घेण्यात कसलाही कमीपणा नाही. मुख्य पदार्थांपैकी बदकाची मांडी मागवावी. मीठ लावून मुरवलेली ही मांडी बदकाच्याच चरबीत मंद आचेवर शिजवतात, त्यामुळे आतले मांस काट्याने सहज सुटते. तिखटाची सवय असलेल्यांनी टेबलावर मोहरी मागून घ्यावी.

शाकाहारी व्यक्तीने मात्र फार अपेक्षा ठेवू नयेत. सॅलड, लीक, चीज आणि गोड पदार्थ यांवर पोट भरेल, परंतु मुख्य पदार्थांत निवड फार थोडी असते, शिवाय रश्शांमध्ये मांसाचा अर्क असण्याची शक्यता गृहीत धरावी. निवांत बसून गप्पा मारायच्या असतील तरीही हे ठिकाण योग्य नाही, कारण वाढपी कमालीचे चपळ असून दालनात गलबला सतत चालू असतो.

काळे जाकीट आणि पांढरा लांब एप्रन घातलेले वाढपी टेबलावरच्या कागदावरच मागणी लिहितात आणि शेवटी तिथेच बेरीज करून देतात. सेवाशुल्क किमतीतच धरलेले असल्याने वेगळी बक्षिसी देण्याची सक्ती नाही, पावाचे वेगळे पैसे पडत नाहीत आणि नळाचे पाणी सुरईत फुकट मिळते. रमच्या पाकात भिजवलेला 'बाबा' हा केक दोघांत एक पुरतो. रांग टाळायची असेल, तर दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या मधली वेळ गाठावी.