जुना कार्बोरेटर दुरुस्त करावा की नवा बसवावा? नागपूरच्या हवेत जुनी गाडी चालवणाऱ्यांसाठी एक तुलना

जुनी बुलेट किंवा येझदी स्लोवर टिकत नाही, अर्ध्या रेसवर झटके घेते, प्लग काजळी धरतो, अशी तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेले की हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या कार्बोरेटरबद्दल, म्हणजेच कार्बबद्दल, सल्ला बहुधा दोनपैकी एकच मिळतो. एक मिस्त्री म्हणतो, कार्ब खोलून सुट्या भागांचे किट टाकू. दुसरा म्हणतो, हा कार्ब संपला, नवा बसवा. दोन्ही सल्ले आपापल्या जागी योग्य असू शकतात. मात्र त्यांपैकी आपल्या गाडीला कोणता लागू पडतो, हे कार्बची बॉडी आणि तिच्यात रेसबरोबर वर-खाली सरकणारी स्लाइड यांची झीज स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे. माझ्याकडे साडेतीनशे सीसीची जुनी बुलेट आहे आणि मावसभावाची येझदीही माझ्याच अंगणात उघडली जाते. पुढची तुलना या दोन गाड्यांवर हात काळे करून केलेली आहे.

निवड करण्याआधी दोष खरोखर कार्बचाच आहे याची खात्री करणे आवश्यक आहे. माझी बुलेट एका मे महिन्यात रोज दुपारी व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर बंद पडत असे. कार्ब तीनदा उघडला गेला, तिसऱ्या वेळी तर मिस्त्रीने पायलट जेटमध्ये (स्लोवर पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या भागात) तार घालून त्याचे छिद्रच मोठे केले, आणि शेवटी दोष निघाला तो कंडेन्सरचा, जो थंड असताना ठीक चालत असे आणि तापला की ठिणगी कमजोर करत असे. तेव्हापासून मी एक खूण पाळतो: पेट्रोलचा दोष गाडीला हळूहळू मरगळ आणतो, ठिणगीचा दोष तिला चटकन तोडतो. ठिणगीचे पॉइंट, तिचे टायमिंग आणि बुलेटचे टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासून झाल्यावर गरम इंजिनवर चोक थोडा ओढून पाहावा. गाडी सुधारली तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे, आणखी बिघडली तर ते आधीच जास्त आहे. एवढ्या एका चाचणीने अर्धा गोंधळ मिटतो.

पेट्रोल कमी पडते आहे असे दिसले, तर कार्ब आणि इंजिन यांच्या सांध्यातून हवा शिरते का, हे पाहावे. स्लोवर चालू असलेल्या इंजिनाच्या त्या सांध्यावर साबणाचे पाणी सोडले आणि इंजिनाचा आवाज बदलला, तर तिथे गळती आहे. बोल्ट वर्षानुवर्षे जोर लावून आवळल्यामुळे फ्लँजचे, म्हणजे कार्ब इंजिनाला जोडणाऱ्या चपट्या कडेचे, दोन्ही कान पुढे वाकतात. काचेच्या तुकड्यावर बारीक एमरी पेपर ठेवून त्यावर फ्लँज दोन-चार वेळा गोल फिरवली की कानांजवळ चकाकी येते आणि मधला भाग काळाच राहतो. तो पूर्ण चकाकेपर्यंत घासावे लागते. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि त्यानंतर नव्या कार्बची गरजच उरली नाही, असे मी एकाहून अधिक गाड्यांत पाहिले आहे.

आता मूळ प्रश्न. बुलेट ३५० वर येणाऱ्या मिककार्ब व्हीएम२४ सारख्या कार्बमध्ये स्लाइड वर-खाली सरकते आणि सरकता सरकता बॉडी आणि स्वतः अशी दोन्ही झिजवते. स्लाइड बाहेर काढून उजेडात धरावी. इंजिनाकडच्या बाजूला उभे, खरडल्यासारखे पट्टे दिसत असतील, आणि बॉडीत बसवून पुढे-मागे हलवल्यावर ती खडखडत असेल, तर त्या फटीतून हिशेबाबाहेरची हवा आत जाते. अशा कार्बला किट टाकणे म्हणजे फुटक्या माठाला नवा नळ बसवणे. स्लोची हवा कमी-जास्त करणारा एअर स्क्रू कितीही फिरवला तरी स्लो आज एक आणि उद्या वेगळा येतो, कारण फटीतून जाणारी हवा दर वेळी सारखी नसते. येथे नवा कार्ब हाच मार्ग.

स्लाइड घट्ट असेल, तर मात्र मी जुन्या कार्बच्या बाजूने उभा राहीन. त्याचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रे), स्लाइडच्या खालच्या कडेचा काप आणि स्लाइडला लटकणाऱ्या निमुळत्या नीडलचा उतार हे सर्व त्याच इंजिनासाठी ठरवलेले असते, आणि ते जुळणे पैशाने सहज विकत मिळत नाही. दुरुस्तीत सर्वाधिक दुर्लक्षित राहतो तो नीडल जेट. नीडल त्यात सतत घासत राहिल्याने त्याचे गोल छिद्र लांबट होते, पाव ते पाऊण रेसमध्ये पेट्रोल जास्त जाऊ लागते, प्लग काळा पडतो आणि अ‍ॅव्हरेज घसरते. आपण शहरात बहुतेक वेळ याच टप्प्यात चालवतो, तरीही मिस्त्री मेन जेट बदलत बसतात, जो पाऊण रेसच्या पुढेच आपला अंमल दाखवतो. म्हणून किट घेताना त्यात नीडल आणि नीडल जेट जोडीने आहेत का, हे विचारून घ्यावे. नुसते गास्केट आणि फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) सुई असलेले किट या दोषावर निरुपयोगी आहे.

नव्या कार्बचे सुख म्हणजे घट्ट स्लाइड, सरळ फ्लँज आणि न गळणारी फ्लोटची सुई. त्याची अडचण अशी की, तो डब्यातून काढून बसवला आणि काम झाले, असे क्वचितच घडते. बाजारात मिळणाऱ्या नकलांमध्ये जेटवरचा आकडा आणि त्यातून प्रत्यक्ष वाहणारे पेट्रोल यांचा मेळ असेलच असे नाही. स्लाइडवरचा कापाचा आकडा मोठा असेल, तर रेस उघडताना सुरुवातीलाच पेट्रोल कमी पडते आणि गाडी अडखळते. शक्य असल्यास जुन्या कार्बचे निरोगी जेट नव्यात बसतात का, ते पाहावे. २०२० मध्ये फ्युएल इंजेक्शन येण्यापूर्वी नव्या बुलेटवर येणारा, रबरी पडद्याने चालणारा मोठा कार्ब जुन्या इंजिनावर लावण्याचा सल्लाही मिळतो. त्यासाठी मॅनिफोल्ड (कार्ब आणि इंजिन यांच्यामधली नळी) आणि एअर फिल्टरची जोडणी बदलावी लागते, म्हणून सुरुवातीलाच तो मार्ग मी सुचवणार नाही.

नागपूरची हवा या दोन्ही पर्यायांना सारखीच छळते, आणि हे समजून घेतले नाही तर निर्दोष कार्बवरही खर्च होतो. जानेवारीतली १० अंशांची पहाट आणि नवतप्यातली ४५ अंशांची दुपार यांत हवा साधारण अकरा टक्क्यांनी विरळ होते. कार्ब हवा आकारमानाने ओढतो, वजनाने नव्हे. त्यामुळे उन्हाळ्यात तेच जेट जास्त पेट्रोल देतात. उलट, २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल वर्षभर दुसऱ्या दिशेने खेचते, कारण एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ किलोच पुरते; म्हणजे जुन्या जेटमधून येणारे मिश्रण इंजिनाला अपुरे वाटते. यातून माझा नियम असा: नीडल आणि मेन जेट थंडीच्या सकाळी पक्के करावेत, कारण पेट्रोल सर्वांत कमी पडण्याची वेळ तीच, आणि उन्हाळ्यात फक्त एअर स्क्रू थोडा बाहेर काढावा. जुन्या कार्बमधील रबर आणि सील इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते, तेव्हा दुरुस्तीत ते सर्व बदलणे भाग आहे; या एका बाबतीत नवा कार्ब सरस ठरतो, अर्थात त्याचे रबर इथेनॉल सोसणारे असेल तर. दुपारी गाडी बंद करून दहा मिनिटांनी किक लागत नसेल, तर फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल इंजिनाच्या धगीने उकळते आहे असे समजावे आणि कार्ब आणि इंजिन यांच्यामधला, धग अडवणारा बॅकेलाइटचा इन्सुलेटर जागेवर आहे का ते पाहावे. तो नसेल तर जुना काय आणि नवा काय, दोघेही सारखेच हरतील.

येझदीसारख्या टू-स्ट्रोक गाडीत निर्णयाचे वजन बदलते. येझदीचे म्हैसूरमधील उत्पादन १९९६ मध्ये थांबले, त्यामुळे तिच्या मूळ, जिकोव्ह बनावटीच्या कार्बचे चांगले सुटे भाग शोधावे लागतात आणि नवा कार्ब बसवण्याकडे कल होणे स्वाभाविक आहे. पण येथे पेट्रोल कमी पडले तर केवळ पिकअप जात नाही, पिस्टन धरतो, म्हणजे तापून अडकतो. म्हणून नवा कार्ब लावताना मेन जेट मुद्दाम मोठा घेऊन पायरीपायरीने खाली यावे, आणि त्याआधी क्रँकचे सील तपासावेत. सील हवा ओढत असतील तर स्लो आपोआप चढतो आणि नवा कार्ब त्यावर काहीच करू शकत नाही. पेट्रोलमध्ये ऑइल वाढवले म्हणजे इंजिन सुरक्षित, हा समजही चुकीचा आहे, कारण ऑइलने जागा घेतली की त्याच जेटमधून पेट्रोल तेवढे कमी जाते.

पर्याय कोणताही असो, जुळवणी रस्त्यावरच होते. मी एअर स्क्रू पूर्ण आत बसवून दीड फेरी बाहेर काढतो आणि तिथून गरम इंजिनावर सर्वांत उंच, एकसारखा स्लो मिळेपर्यंत पाव-पाव फेरी फिरवतो. अर्ध्या रेसची परीक्षा सेमिनरी हिल्सच्या चढावर होते. पूर्ण रेससाठी पहाटे, रहदारी नसताना, वाडीच्या पुढचा अमरावती रोड. तिथे पूर्ण रेसवर इंजिन बंद करून क्लच दाबून थांबायचे आणि प्लग काढायचा: फिकट तपकिरी उत्तम, पांढरा धोक्याचा, काळा उधळपट्टीचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती लिहून ठेवायची.

बुलेटची स्लाइड घट्ट निघाली, म्हणून तिच्यावर जुनाच व्हीएम२४ आहे, नव्या नीडल जेटसह आणि छिद्र मोठे झालेला पायलट जेट बदलून. येझदीची बॉडी मात्र खडखडत होती. तिच्यावर गेल्या हिवाळ्यात नवा कार्ब चढला, आणि तिचा मेन जेट अजून एक पायरी खाली आणायचा आहे, तो येत्या डिसेंबरच्या थंडीत.