पर्वीन मिस्त्री, आठ महिने आणि एक फुली

पर्वीन मिस्त्रीच्या कादंबऱ्यांचा पहिला भाग जूनमध्ये पणजीत घेतला, पाऊस ओसरेपर्यंत दुकानात उभी होते म्हणून. चौथा परवा संपला. मधल्या काळात चवथ झाली, दिवाळी झाली, पहिल्या पुस्तकाच्या पाठीला बुरशी आली आणि ते पंख्याखाली वाळवताना पानं फुगून दुप्पट झाली. वाचन बहुतेक म्हापसा-पणजी बसमध्ये. पर्वरीला गाड्या अडकल्या की मला आता राग येत नाही.

सुजाता मॅसी यांची ही मालिका १९२१च्या मुंबईत सुरू होते. पर्वीन मिस्त्री ही पारशी मुलगी ऑक्सफर्डला कायदा शिकून वडिलांच्या फर्ममध्ये सॉलिसिटर झालीय. कोर्टात उभं राहून वकिली करायची बायकांना तेव्हा मुभा नव्हती. ती देणारा कायदा १९२३ला आला. त्यामुळे हिच्या वाट्याला कागद. एका मुसलमान गिरणीमालकाच्या तीन विधवांनी आपला सगळा वाटा धर्मादायाला देऊन टाकल्याचा कागद तिच्यासमोर येतो, आणि त्यातल्या एकीने सहीच्या जागी नुसती फुली मारलेली असते. हिला वाचता येत नसेल, तर आपण काय देऊन टाकतोय हे हिला कोणी सांगितलं?

तिथे मी पुस्तक मिटलं. मी म्हापशात एका वकिलांकडे दस्त टाइप करते. बहिणींचे हक्कसोड दस्त किती केले, मोजलेले नाहीत.

आमच्या घरी वडिलांच्या कपाटात बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांमधला काळापहाड होता, झुंजार होता, त्यांच्यावरच वाढले. पर्वीनकडे त्यातलं काहीच नाही. त्या तिघी विधवा पडद्यात राहतात, परक्या पुरुषासमोर येत नाहीत, म्हणून खुनाच्या तपासाला आलेले पोलीससुद्धा जाळीच्या अलीकडेच. पर्वीन बाई आहे, एवढ्यावर ती पलीकडे जाते. बसते, चहा घेते, मेहेर, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, किती ठरला होता ते विचारते. बाई असण्याची जी अडचण कोर्टाच्या दारात, तीच इथे किल्ली होते. आणि हे कल्पनेतलं नाही. कॉर्नेलिया सोराबजी आपल्या नाशिकला १८६६मध्ये जन्मल्या, ऑक्सफर्डला १८९२मध्ये कायद्याची परीक्षा दिली, पदवी हातात पडली १९२२ला. पडद्यातल्या बायकांच्या इस्टेटीची कामं त्यांनी वर्षानुवर्षं केली. पर्वीन बरीचशी त्यांच्यावरून सुचलेली.

पहिल्या भागातलं मला सगळ्यात लागलेलं प्रकरण मात्र खुनाचं नाही. पर्वीनचं कलकत्त्यातलं सासर आहे. तिथे पाळीच्या दिवसांत तिला एका कोंदट खोलीत एकटीला ठेवतात. माझ्या आजीच्या घरी 'भायर' झालेल्या बाईची जागा मागच्या दाराशी असायची, चटई आणि वेगळा तांब्या. मी वाचत होते इंग्रजी आणि वास येत होता त्या चटईचा.

पुढचं सांगते, ज्यांना रहस्य जपायचंय त्यांनी हा परिच्छेद गाळावा. नवरा तिच्याशी इतका वाईट वागला तरी तेवढ्यावर १८६५च्या पारशी कायद्यात तिला घटस्फोट मिळत नाही, फक्त वेगळं राहायची परवानगी. म्हणजे दुसरं लग्न बंद. गंमत बघा, पोर्तुगालने घटस्फोटाचा कायदा १९१०लाच केला आणि तो आमच्या गोव्यालाही लागू झाला. कागदावर. हा शब्द मुद्दाम लिहिलाय. आजही इथे नवऱ्याला घर विकायचं तर बायकोची सही लागते, आणि सही करायला आलेली बाई काय वाचून करते ते मला विचारा.

आता कुरकुर. मॅसी अमेरिकेत वाढल्या, वाचकही तिकडचा. म्हणून आपल्याला पाठ असलेल्या गोष्टीही समजावत बसतात. दुसऱ्या भागात पर्वीन पालखीतून सह्याद्रीतल्या एका काल्पनिक संस्थानात जाते. चोर्ला घाट पावसात पाहिलेल्याला ते जंगल ओळखीचं वाटेल, पण भाग रेंगाळतो, आणि माणसं मराठी मुलखातली असून मराठी वाटत नाहीत. तिसऱ्यात नोव्हेंबर १९२१, प्रिन्स ऑफ वेल्सची भेट आणि मुंबईतली दंगल. शहर झकास उभं केलंय. चौथ्यात गर्भपाताच्या आरोपात अडकलेली आया. तो मला पहिल्याच्या खालोखाल आवडला. खुनी कोण हे चारही भागांत शेवटी घाईने उरकल्यासारखं वाटतं. निव्वळ कोड्यासाठी वाचणाऱ्याने हात लावू नये. भाग क्रमानेच घ्या.

सप्टेंबरात ऑफिसात एक बाई आली, साठीची, दोन भावांबरोबर. वडिलोपार्जित घरातला वाटा सोडायचा होता. मी म्हटलं, "मावशी, वाचून दाखवू?" थोरला भाऊ म्हणाला, "गरज ना, तिका सगळें खबर आसा." एरवी मी प्रिंट काढून पुढे सरकवली असती. त्या दिवशी वाचलं, ओळीन् ओळ, मराठीत सांगत. निम्म्यावर तिने थांबवलं.

"म्हणजे मी चवथीला येते ती खोलीपण?"

भाऊ छताकडे बघत राहिले. सही झाली नाही. आठ दिवसांनी ती एकटीच आली, खोलीचं कलम घालून घेतलं, आणि पेन झटकत विचारलं, "आता खंय करूं?"